ॲट्रॅक्टा गिलहूलीचं पहिलं निधन

किलब्रॅकनमध्ये माझं एकच दुकान आहे. पुढच्या दाराने आत आलं की बिअर मिळते आणि मागच्या दाराने बाहेर पडलं की शवपेटी. लीट्रिम परगण्यात हा जोडधंदा जुना आहे आणि त्यात सोय अशी, की गिऱ्हाईक सहसा हातचं जात नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे घडलं त्यात सरकारी चौकशीने माझ्यावर ठपका ठेवला आहे. तो ठपका मी फ्रेम करून गल्ल्याच्या वर लावला आहे.

देशातल्या महिलांना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वेळेत चाहूल लागावी म्हणून सरकारने राष्ट्रीय महिला तपासणी मंडळ स्थापन केलं होतं. योजना चांगली होती, हे मी मनापासून म्हणतो. बाईने दवाखान्यात जायचं, नर्सने नमुना घ्यायचा, आणि तो काचपट्टीवर पसरून कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून बघायचा. यातलं ‘कुणीतरी’ ठरवण्यासाठी मंडळाने निविदा मागवल्या. सगळ्यांत स्वस्त डोळे समुद्रापलीकडे निघाले, आणि आमच्या बायकांच्या काचा विमानाने तिकडे जाऊ लागल्या. काही काचांवर जे होतं ते त्या डोळ्यांना दिसलं नाही.

इथवर चूक झाली होती, आणि चूक कुणाचीही होते. मग सरकारने परिस्थिती हाताळायला घेतली.

प्रथम, कुणीही घाबरू नये म्हणून देशातल्या प्रत्येक बाईला फुकट फेरतपासणी देऊ केली. साहजिकच सगळ्या गेल्या. काचांचे इतके ढीग साचले की बघायची पाळी येईपर्यंत नमुने वाळून गेले, आणि वाळलेल्या नमुन्यांच्या बायकांना फेरफेरतपासणीला बोलावण्यात आलं. दुसरं, माहिती देण्यासाठी दूरध्वनी सेवा सुरू केली. तिच्यावर फोन घेणाऱ्या मुली अतिशय गोड होत्या आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. तिसरं, जुन्या काचा गुपचूप पुन्हा तपासून कुणाच्या बाबतीत चूक झाली याचा छडा लावला. हे काम मंडळाने चोख केलं. फक्त ज्यांच्या बाबतीत चूक झाली होती त्यांना ते सांगायचं राहून गेलं.

ॲट्रॅक्टा गिलहूली त्यांच्यातली एक असावी, असा ॲट्रॅक्टाला संशय होता. ती आमच्याकडची शाळेची बस चालवायची. पन्नाशीची, लग्न न केलेली, थोरल्या बहिणीसोबत, डिंपनासोबत, राहणारी. तिच्या बसमध्ये दंगा होत नसे, कारण दंगा करणाऱ्याच्या आजोबांनी लहानपणी काय काय केलं होतं ते ती माइकवरून सांगायची. तिची काच मंडळाने ‘निर्दोष’ म्हणून परत पाठवली होती. पुढे तिला रक्तस्राव सुरू झाला, आणि गॉलवेच्या डॉक्टरांनी सांगितलं की आजार बराच पुढे गेलाय. उपचार चालू होते, पण कशासाठी चालू होते हे डॉक्टर तिच्या डोळ्यांत न बघता सांगत. तिला मंडळाला एवढंच विचारायचं होतं: त्या काचेवर ते तेव्हा होतं की नव्हतं?

“समजून तरी काय करणार आहेस?” डिंपना विचारायची.

“काय करणार? ऐकणार. अजून कान शाबूत आहेत तोवर.”

एका दुपारी माझ्या दुकानात बसून तिने दूरध्वनी सेवेला फोन लावला, आणि ऐकायला सोबत असावी म्हणून स्पीकर चालू केला.

“माझा निकाल आहे का तुमच्याकडे?”

“आहे ना, बाई.”

“मग सांगा.”

“तो तुमच्याविषयी आहे हो, तुमच्यासाठी नाही.”

“मग कुणासाठी आहे?”

“अभ्यासासाठी.”

ॲट्रॅक्टाने माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास पुसत राहिलो.

“म्हणजे मी जिवंत असेपर्यंत मला सांगायचंच नाही, असं आहे का?”

“छे छे, तसं कसं? योग्य वेळी सांगणारच आहेत. योग्य वेळ ठरवायला समिती नेमायचीय, तेवढंच राहिलंय.” मुलगी जरा घुटमळली. तिला खरंच काहीतरी मदत करायची होती. “निधन झालं ना, तर मात्र समिती लागत नाही. मग घरच्यांना सगळं सांगतात. अगदी समोर बसून. माफीसुद्धा मागतात. त्याचं आम्हाला प्रशिक्षणच दिलंय.”

“म्हणजे माझ्या मरणापाशीच काय ते अडलंय.”

“असं नका ना बोलू. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.” आणि मग मुलीने विचारलं, की आजच्या सेवेला एक ते पाचपैकी किती गुण द्याल?

ॲट्रॅक्टाने पाच दिले. फोन ठेवून ती बराच वेळ माझ्या मागच्या दाराकडे बघत बसली.

“मॅलकी, पेटी भाड्याने देतोस का रे?”

“कधी कुणी परत आणून दिलेली नाही,” मी म्हणालो, “त्यामुळे दर ठरवलेला नाही.”

इथे फिंटन मलक्वीनविषयी सांगायला हवं. फिंटन आमच्या मतदारसंघाचा खासदार आणि आरोग्य राज्यमंत्री. संसदेत महत्त्वाच्या मतदानाला तो गैरहजर राहिल्याचं लोकांनी पाहिलंय, पण मयताला गैरहजर राहिल्याचं कुणीही पाहिलेलं नाही. आमच्याकडे प्रेत घरी ठेवतात. गावाने यायचं, घरच्यांच्या रांगेत प्रत्येकाचा हात हातात घेऊन “फार वाईट झालं हो” म्हणायचं, मग स्वयंपाकघरात जाऊन चहा आणि हॅमचं सँडविच घ्यायचं. निवडणुका या रांगेतच जिंकल्या जातात. फिंटनच्या कचेरीत एक माणूस केवळ परगण्याच्या रेडिओवरच्या निधनवार्ता ऐकायला नेमलेला होता, आणि मंत्रालयात वेळेवर चालणारं तेवढं एकच काम होतं.

निधनवार्ता मी दिली. पेटी माझी, वजनासाठी आत भरलेले बटाटे माझे, झाकणही मीच ठोकलं. फादरना सांगायचा धीर कुणालाच झाला नाही. डिंपना दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिने हॅम उकडायला ठेवलं.

सगळं गाव लोटलं. जी माणसं ॲट्रॅक्टा आजारी पडल्यापासून रस्ता ओलांडून पलीकडून जायची, काय बोलावं सुचत नाही म्हणून, ती सगळी आली. शवपेटीपाशी उभं राहून काय बोलायचं हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ आहे. ॲट्रॅक्टा डोक्याला काळा रुमाल बांधून घरच्यांच्या रांगेत डिंपनाच्या शेजारीच उभी होती. उपचारांनी ती इतकी वाळली होती की बऱ्याच जणांना ती स्लायगोची कुणी चुलत बहीण वाटली. ज्यांनी ओळखलं ते दचकले, पण मागून रांग ढकलत होती. शिवाय इतक्या लांबून आल्यावर तसंच परत जाणं बरं दिसत नाही. त्यांनी तिलाही “फार वाईट झालं” म्हटलं, आणि ते सँडविचकडे गेले.

फिंटन सचिवाला घेऊन आला. कोट काळा, मान किंचित कललेली. त्याने डिंपनाचा हात दाबला, मग ॲट्रॅक्टाचा हात दोन्ही हातांत घेतला.

“फार वाईट झालं हो. लाख बाई होती. मी तिला अगदी जवळून ओळखायचो.”

“हो का? दिसायला कशी होती?” ॲट्रॅक्टाने विचारलं.

“हसतमुख,” फिंटन म्हणाला, आणि हात सोडवायला लागला. तो सुटेना. चोवीस वर्षं बसचं चाक फिरवलेला हात होता तो.

“फिंटन, मीच ती. आता सांग. काचेवर होतं की नव्हतं?”

स्वयंपाकघरात कप वाजायचे थांबले. फिंटनचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला, मग त्याच्यावर मंत्र्याचा चेहरा आला. “बाई, आपण हयात असताना या विषयावर भाष्य करणं मला शक्य नाही,” तो म्हणाला. “मनात खूप आहे. पण धोरण आहे.”

“मी मेल्यावर सांगशील?”

“त्या क्षणी,” फिंटन कळवळून म्हणाला. “शब्द देतो.”

तेव्हा सचिव पुढे झाला. तरुण, सरळ भांग, डोळ्यांत नियमांची खरी माया. “साहेब, अडचण दिसत नाही,” तो हळूच म्हणाला, पण घर लहान असल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. “रेडिओवर निधनवार्ता आल्याबरोबर कचेरीने नोंद केली आहे. आपल्या दृष्टीने बाई दिवंगत आहेत. नातेवाईक समोर आहेत. पेटीसुद्धा आहे. माहिती द्यायच्या सर्व अटी पूर्ण होतात.” मग तो ॲट्रॅक्टाकडे वळला. “फक्त दिवंगत व्यक्तीने मधे प्रश्न विचारू नयेत, एवढी विनंती.”

“नाही विचारणार,” ॲट्रॅक्टा म्हणाली, आणि किटली घेऊन चहा ओतायला लागली.

फिंटनने तिच्याकडे पाठ केली आणि डिंपनासमोर खुर्ची ओढली. खिशातून कागद काढला, मग का कोण जाणे, तो न वाचताच परत ठेवला.

“तुमच्या बहिणीची काच आम्ही पुन्हा बघितली,” तो म्हणाला. “त्यावर ते होतं. अगदी स्पष्ट होतं. बघणाऱ्याला दिसायला हवं होतं.”

डिंपनाने बहिणीकडे पाहिलं. ॲट्रॅक्टाने तोंड न उघडता हनुवटीने खूण केली: तू विचार.

“तेव्हा... तेव्हा दिसलं असतं तर?”

“तर साध्या उपचारात भागलं असतं. संध्याकाळी घरी.” फिंटन खाली बघत होता. “आम्हाला माफ करा. हे आम्हाला दीड वर्षापासून माहीत होतं.”

कप भरून चहा बशीत उतरला, बशीतून टेबलावर, तरी ॲट्रॅक्टा ओततच होती. मी आयुष्यभर मयतं केली, रडणारी माणसं रोज बघतो. पण त्या दिवशी मला मागच्या अंगणात जाऊन उभं राहावं लागलं, आणि मी ते लपवत नाही. परत आलो तेव्हा ती फिंटनसमोर ताट धरून उभी होती.

“घे सँडविच,” ती म्हणत होती. “खोटं नाही बोललास. घे, हॅम डिंपनाचं आहे.”

त्याने घेतलं. खरं सांगायचं तर त्याने दोन घेतली.

यानंतर सरकार खडबडून जागं झालं. खोटी निधनवार्ता कुणी दिली याची चौकशी नेमण्यात आली आणि ती आठवड्यात पूर्ण झाली. आमच्या देशात इतकी तडफ कुणी पाहिली नव्हती. गुन्हेगार मी. शेतमालाचा गैरवापर हा वेगळा मुद्दा घालण्यात आला, तो बटाट्यांमुळे. वर्तमानपत्रांनी मृत्यूच्या पावित्र्यावर अग्रलेख लिहिले. काचांचा उल्लेख त्यांत पार्श्वभूमी म्हणून होता. फादरनी चर्चमध्ये व्यासपीठावरून माझं नाव न घेता माझ्याकडे बघितलं.

पण मंडळातल्या हुशार माणसांनी वेगळंच हेरलं. सचिवाने अहवाल दिला होता, की कुटुंबाला माहिती देण्याचा हा पहिलाच प्रसंग ज्यात एकही तक्रार आली नाही. लगेच ‘किलब्रॅकन पद्धत’ प्रायोगिक तत्त्वावर मंजूर झाली. ज्या महिलांना आपल्या काचेविषयी जाणून घ्यायचंय त्यांनी स्वखर्चाने पेटी, एक नातेवाईक आणि चहापाण्याची व्यवस्था करावी. मंत्री दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतील. कॉर्कहून, केरीहून बायका बसगाड्यांनी येऊ लागल्या. गावच्या सभागृहात एकीची पेटी, बाहेर दुसरीची रांगेत. भाड्याचा दर शेवटी मला ठरवावाच लागला. कुणीतरी सुचवलं, की पेटीशिवाय, नुसतं खुर्चीवर बसून सांगता येईल का? मंडळाने सूचनेचं स्वागत केलं आणि ती समितीकडे पाठवली.

ॲट्रॅक्टा त्या प्रत्येक शुक्रवारी चहा ओतायला यायची. पुढे पुढे खुर्चीत बसून ओतायची.

इस्टरनंतर ती गेली. या वेळी खरंच.

निधनवार्ता द्यायला मी रेडिओला फोन केला, तर ते म्हणाले, नियमानुसार एका व्यक्तीची वार्ता एकदाच देता येते. फिंटनच्या कचेरीने अत्यंत आदराने कळवलं, की साहेबांनी या प्रकरणी सांत्वन पूर्वीच केलेलं असून दुबार सांत्वनाची तरतूद नाही. मग मी दारोदार जाऊन सांगितलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं, सगळे हळहळले. “चांगली होती हो,” म्हणाले, “पण तिच्याकडे आम्ही एकदा जाऊन आलोय.”

पेटीला खांदा द्यायला माणसं कमी पडली. एका कोपऱ्याला डिंपना लागली. स्मशानभूमीतून परत आल्यावर तिने सँडविचची मोठी परात फडक्याखाली झाकून माझ्या दुकानात आणली, मला म्हणाली, “लोक येतील तेव्हा दे,” आणि घरी गेली.

लोक आले. संध्याकाळ होती, येणारच. त्यांनी सँडविच खाल्ली आणि पहिल्या मयताची गोष्ट काढली: फिंटनने तिचाच हात धरून तिची कशी तारीफ केली, पेटीत बटाटे कसे होते. पोट धरून हसले सगळे. मीही रंगवून सांगितली.

आत्ता तुम्हाला सांगितली तशीच. तुम्हीही हसलात, बटाट्यांच्या आसपास कुठेतरी. माझं लक्ष होतं. हसा हो, त्यात काही पाप नाही. परातीत अजून दोन सँडविच आहेत, घ्या. आणि स्मशानात काय झालं ते आता मला विचारू नका. तिच्याकडे तुम्हीही एकदा जाऊन आलाय.