घरचीच आहे ती

"प्राचार्यांचं नाव इतकं खाली?" शरदराव आगट्यांनी पोह्यांची बशी बाजूला सारत विचारलं.

समोर त्यांच्या चिरंजीवांच्या, अनिरुद्धच्या, कॉलेजच्या पोस्टरचा कागद होता. तो संध्याकाळपर्यंत फ्लेक्सवर छापून घ्यायचा होता. दुसऱ्या दिवशी खराडीतल्या एका आयटी कंपनीच्या सभागृहात विज्ञान प्रकल्पांची स्पर्धा होती आणि निवडलेला संघ अंतिम फेरीला बंगलोरला जाणार होता.

आभार हा शरदरावांचा प्रांत. कोथरूडच्या त्यांच्या सोसायटीत गणपतीपासून पाण्याच्या टाकीच्या उद्घाटनापर्यंत कोणताही कार्यक्रम असो, शेवटी आभारप्रदर्शनाला तेच उभे राहत. मांडववाला, लाइटवाला, खुर्च्या उशिरा आणणारा टेम्पोवाला, कोणी सुटत नसे. लोक चपला शोधू लागले तरी ते थांबत नसत. "बाहेरच्याला विसरू नये आणि घरच्याला मोजू नये," हे त्यांचं सूत्र होतं. म्हणूनच दरवर्षी सगळ्या सोसायटीचा प्रसाद करणाऱ्या अनिरुद्धच्या आईचं नाव त्यांनी आजवर एकदाही घेतलं नव्हतं.

"नगरसेवक राहिले," शरदराव म्हणाले.

"त्यांचा काय संबंध, बाबा?"

"नाव घातलं की येतो संबंध."

नगरसेवक आले. संस्थेचे चिटणीस आले. सभागृह देणाऱ्या कंपनीचे मॅनेजर आले. त्यानंतर शरदराव नुसते कागदाकडे बघत बसले. शेवटी अनिरुद्धने 'प्रेरणा : श्री. शरद आगटे' असं लिहिलं, तेव्हा कुठे पोहे पुढे सरकले.

प्रकल्प मात्र खरोखर चांगला होता. जिवाणूंच्या जनुकांत फेरफार करून चौघांनी असे जिवाणू बनवले होते, की दुधात युरियाची भेसळ असली तर ते गुलाबी व्हायचे. चौघांनी म्हणायची आपली पद्धत. रणजितने काकांच्या कार्यालयातला जादा फ्रीज आणला, शेफालीने आकृत्या काढल्या आणि अनिरुद्ध सगळीकडे जाऊन बोलला. जिवाणू बनवले आम्रपाली ओव्हाळने. ते पुन्हापुन्हा मेले, तिने पुन्हापुन्हा वाढवले. सुट्टीच्या दिवशीही येरवड्याहून बस बदलत ती प्रयोगशाळेत यायची आणि मार्गदर्शक सरोजिनी मॅडमना फोनवर जिवाणूंची ख्यालीखुशाली कळवायची.

बुधवार पेठेतला फ्लेक्सवाला महिपती वाढदिवसांच्या शुभेच्छांमध्ये मुरलेला होता. त्याने कागद पाहिला आणि मान हलवली.

"बसत न्हाय, साहेब. एक नाव उडवा, न्हायतर समदी मुंगीगत दिसत्याल."

"कुठलं उडवू?"

"मोठी ठिवा. ती रुसत्यात. बारक्यातलं बघा."

अनिरुद्धने बारक्यांत बघितलं. रणजितला उडवणं शक्य नव्हतं, कारण काकांच्या फ्रीजमध्ये अजून जिवाणू होते. शेफालीला उडवलं असतं तर तिच्या आईचा अनिरुद्धच्या आईला फोन आला असता. स्वतःला उडवण्याचा विचार त्याच्या मनाला शिवला, पण टिकला नाही. राहिली आम्रपाली.

"हिला काढा," तो म्हणाला. "घरचीच आहे ती. तिला काय वाटायचंय?"

तिला विचारावं म्हणून त्याने खिशातून मोबाइल काढला, नंबरही शोधला आणि परत ठेवला. ती 'चालेल' म्हणणार हे त्याला ठाऊक होतं. ते ऐकायची त्याची हिंमत नव्हती.

सकाळी खराडीत आम्रपाली जिवाणूंचा थर्माकोलचा डबा दोन्ही हातांत धरून आली. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत वाचला.

"प्रिंट छान आलंय," ती म्हणाली.

"अगं, जागाच नव्हती. आणि आपल्यात कसले आभार? तू तर घरचीच."

"हो का? कुठाय रे तुझं घर? कोथरूडात आहे म्हणे."

रणजित आणि शेफाली अनिरुद्धच्या आईच्या हातची थालिपिठं कितीदा खाऊन गेले होते. आम्रपाली एकदाही आली नव्हती. कोणीतरी जिवाणूंपाशी थांबायला हवं, म्हणून ती थांबायची. तिला बोलवायला हवं हे आजवर आपल्या डोक्यातही आलं नाही, हे त्याला तिथे, सगळ्या गर्दीत, प्रथमच कळलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात परीक्षक सुनीती दामले येऊन ठेपल्या. त्यांनी चष्मा वर केला.

"बरीच मंडळी जमवलीत. प्राचार्यांनी काय केलं?"

"परवानगी दिली."

"नगरसेवकांनी?"

"ते... सदिच्छा दिल्या. म्हणजे देतील."

"आणि हे प्रेरणा आगटे?"

"प्रेरणा नाव नाही, मॅडम. माझे बाबा आहेत."

"असं. मग जिवाणू कोणी बनवले?"

रणजित छताकडे बघू लागला. शेफालीने ओढणी नीट केली. प्रत्येक स्पर्धेत तोंडाचा पट्टा चालवणाऱ्या अनिरुद्धने आम्रपालीकडे पाहिलं. त्याने नुसतं बोट दाखवलं.

"नाव काय तुझं?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"आम्रपाली ओव्हाळ."

बाईंनी फ्लेक्स पुन्हा वाचला. "इथे दिसत नाही."

"जागा नव्हती, मॅडम," अनिरुद्ध पुटपुटला.

बाईंनी फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्याकडे पाहिलं. महिपतीने सवयीने, फुकटात, तिथे जोडलेल्या हातांचं मोठं चित्र टाकलं होतं, भगव्या फुलांसकट.

"याला बरी मिळाली."

मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. अनिरुद्धला वाटलं, त्या फ्लेक्सची वळकटी करावी आणि आतच बसावं. आम्रपालीने मात्र डबा उघडला, भेसळीच्या दुधाचे थेंब टाकले आणि सगळ्यांसमोर जिवाणू गुलाबी झाले. तसाच रंग अनिरुद्धच्या कानांवर आला होता, दूध न टाकता.

"काम उत्तम आहे," सुनीतीबाई म्हणाल्या. "पण बंगलोरला कोणी काय केलं ते विचारतात, कोणी आशीर्वाद दिले ते नाही. उद्यापर्यंत तेवढं लिहून द्या. लिहायचं हिने."

बाहेर आल्यावर अनिरुद्ध म्हणाला, "आम्रपाली, चुकलं माझं. फार चुकलं. माझं नाव नाही घातलंस तरी चालेल."

"मी नावं गाळत नाही," ती म्हणाली आणि बसथांब्याकडे निघाली.

संघाची निवड झाली. आम्रपालीने लिहिलेल्या कागदाची प्रत अनिरुद्धने घरी लपवून ठेवली होती, पण शरदरावांना ती सापडलीच. त्यांनी मोठ्याने वाचायला घेतली. सरोजिनी मॅडमनी कुठे दिशा दाखवली, रणजितचा फ्रीज, शेफालीच्या आकृत्या, ज्याचं त्याला चोख दिलेलं होतं. उरलेल्या सगळ्या कामांपुढे आम्रपालीचं नाव होतं. सर्वांत शेवटी एक ओळ होती : 'अनिरुद्ध आगटे : आभारप्रदर्शन.'

शरदरावांचा ऊर भरून आला. "अगं ऐकलंस का?" त्यांनी स्वयंपाकघराकडे हाक टाकली. "परंपरा राखली हो पोराने! लॅमिनेट करून भिंतीवर लावू."

आतून भांडं जरा जोरातच खाली ठेवल्याचा आवाज आला. अनिरुद्ध मान खाली घालून उभा होता. त्या ओळीत एक अक्षरही खोटं नव्हतं.

"पण काय रे," शरदरावांनी कागद जवळ धरला, "ही आम्रपाली कोण? जिकडेतिकडे हिचंच नाव आहे."

"घर..." अनिरुद्धने सुरुवात केली आणि पुढचं 'चीच' गिळून टाकलं.