आभाळाचं पंक्चर

नाचणगावच्या नाक्यावरचे सायकलवाले गुलाबभाऊ रोज सकाळी दुकान उघडण्याआधी रस्त्याच्या मधोमध उभे राहत, गाल ओला करत आणि तो आभाळाकडे धरत. ट्यूबची बारीक गळती कानाला कळत नाही, ओल्या गालाला कळते, हा त्यांचा अनुभव. हल्ली ते पृथ्वीची गळती शोधत होते.

दोष माझा. मी पडलो शाळामास्तर. चाकात हवा भरून होईपर्यंत गप्प बसणं मला जमत नाही. रशियानं कृत्रिम चंद्र सोडल्याची बातमी आली, तेव्हा मी त्यांना हवेचे थर समजावले. सगळ्यात खाली ढगांचा आणि पावसाचा, मग वर वर विरळ होत जाणारे. जमीन, पाणी, हवा, झाडंपाखरं सगळी एकमेकांत अडकलेली, हेही सांगून टाकलं.

"म्हंजे चेन, फ्रीव्हील, पायडल," गुलाबभाऊ म्हणाले. "एक गेलं का सारी सायकल बसली."

"अगदी बरोबर!"

त्यांचा पंप थांबला. "आन हा चंद्र साऱ्या थरातून पार गेला?"

"गेला."

"मंग भोक कोनं बुजवलं?"

मी खो खो हसलो. पृथ्वी हवेला ओढून धरते, भोक वगैरे पडत नाही, असं परोपरीनं सांगितलं.

"टायरबी ट्यूबले धरूनच असते, मास्तर. तरी फुस्स होते का नाई?"

उभा जन्म त्यांनी पंक्चरंच काढली होती. त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली. कोणी शीळ घातली तरी दचकायचे. "हवा जपून वापरजा बाप्पा," असं गिऱ्हाइकाला बजावायचे. सगळा नाका त्यांची टिंगल करी, आणि त्यात माझा आवाज मोठा होता.

एका दुपारी दुकानात कोणी दिसेना, म्हणून मी मागच्या घरात डोकावलो. आढ्याला वीसेक ट्यूबा टांगलेल्या, सगळ्या हवेनं टम्म. प्रत्येकीवर खडूनं एकच नाव : पंचफुला. खाली खाटेवर पंचफुलावहिनी उशांना टेकून बसल्या होत्या. त्यांना जुना दमा. "या... भाऊजी," एवढं म्हणायलाही मध्ये थांबावं लागलं.

"हिले आत्ताच हवा पुरत नाई," गुलाबभाऊ मला बाजूला घेऊन कुजबुजले. "उद्या कमी झाली तं पयले हिलेच कमी पडन."

"आणि तुमची ट्यूब कोणती?"

"माही?" ते गोंधळले. "माही काऊन?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. दुसऱ्या दिवशी घरातली नवी ट्यूब घेऊन गेलो आणि म्हटलं, "भरा. ही तुमच्या नावाची."

त्यांना बरं वाटेल, अशी माझी समजूत. पण त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"म्हंजे मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमालेबी वाटून राह्यलं नं?"

मी नाही म्हणणार, तोच आतून वहिनींना उबळ आली. आम्ही दोघंही श्वास धरून, त्यांचा पुढचा श्वास ऐकू येण्याची वाट पाहत उभे राहिलो.