सूनबाईच्या डबीला खिडकी

चौकोनी भोक पाडण्यात माझा हात धरणारा अख्ख्या बिल्डिंगमध्ये कोणी नाही. (दुसरं कोणी चौकोनी भोकं पाडतच नाही, हा भाग वेगळा.)

झालं असं, की सूनबाईनं एक प्लास्टिकची डबी तयार केली. डबीतून निघालेल्या दोन तारा पाण्याच्या टाकीत सोडायच्या. पाणी तारांना टेकलं, की डबी बोंब मारते आणि तिच्या स्क्रीनवर ‘टाकी भरली’ असं उमटतं. पहिलं गिऱ्हाईक म्हणून वरच्या मजल्यावरचे रिटायर्ड हेडमास्तर संध्याकाळी बघायला येणार होते. त्यांनी मान डोलावली की सगळी बिल्डिंग डोलावते, आणि त्यांनी नाक मुरडलं की सूनबाईचा धंदा उठायच्या आधीच बसला. आता फक्त स्क्रीनसाठी झाकणाला खिडकी कापायची राहिली होती. झाकण एकच होतं.

“बाबा, मी डबीचे सेल घेऊन येते. आल्यावर कानशीनं सावकाश करते. तुम्ही हात लावू नका हं.”

मला ‘हात लावू नका’ सांगणं म्हणजे मांजराला दुधाचा पत्ता देणं. शिवाय माझ्याकडे राउटर होता. म्हणजे लाकूड, प्लास्टिक काहीही कोरणारं, गरगरत्या पात्याचं यंत्र. (घेतल्यापासून त्यानं फक्त माझा एक लेंगा कोरला होता.)

त्याच्या पात्याला एक छोटं चाक असतं. कापायच्या वस्तूवर साचा चिकटवायचा, चाक साच्याच्या कडेकडेनं फिरतं, आणि साच्यात जशी खिडकी तशीच खाली उमटते. साच्याला गुळगुळीत फळी हवी. घरात तशी एकच फळी होती. तिला मी करवत-कानस लावून स्क्रीनच्या मापाची खिडकी पाडली.

“अहो, माझी भाजी चिरायची फळी कुठंय?” स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला.

“कामावर गेलीय.”

“आणि तुम्ही?”

“तिच्या हाताखाली.”

झाकण जेवणाच्या टेबलावर चिकटवलं, त्यावर फळी चिकटवली आणि बटण दाबलं. यंत्र असं किंचाळलं, की शेजारणीनं भिंत बडवली. मग झाकण उचललं. काय ती खिडकी! कडा अशा, की गाल घासावा.

झाकणाखाली टेबलातही तश्शीच खिडकी होती. तिच्यातून मला माझी चप्पल दिसली. पातं किती खोल सोडलंय ते बघायचं राहिलं होतं. आणि टेबल वाचवायला खाली ठेवायची असते ती फळी मी साचा म्हणून वर लावून बसलो होतो.

घाईघाईनं टेबलक्लॉथ अंथरला. सूनबाईनं येऊन स्क्रीन बसवला. टक्क बसला!

“बाबा! कानशीनं मला हे जन्मात जमलं नसतं!”

मी पुरीसारखा फुगलो.

हेडमास्तर आले. मी बरोबर भोकावर कोपर ठेवून बसलो. त्यांनी एका हातात चहाचा कप घेतला, दुसऱ्या हातानं डबी नाकाशी धरली. तारा टेबलावर लोळत होत्या.

“वा! हे कापकाम कुणाचं?”

“माझं!” म्हणत मी दोन्ही हात वर केले.

मोकळ्या झालेल्या जागेवर हेडमास्तरांनी कप ठेवला. कप एका कुशीवर खचला, कलंडला, आणि चहा थेट तारांवर. डबी जी बोंबलली, की हेडमास्तर खुर्चीसकट उडाले. सूनबाईचा चेहरा पांढराफटक.

हेडमास्तरांनी आधी चहानं भिजलेली आपली विजार बघितली, मग स्क्रीन. ‘टाकी भरली.’

“घोटभर चहालासुद्धा सोडत नाही! पसंत आहे. सगळ्या बिल्डिंगला सांगतो.” मग टेबलक्लॉथ उचलून त्यांनी खाली डोकावून बघितलं. “आणि हे कशासाठी?”

“हवेसाठी.”

(शाळेतही मी अशीच उत्तरं द्यायचो. म्हणून तर चौथीतला मुक्काम लांबला.)

ते गेल्यावर मी छाती पुढे काढली. “बघितलंत? धंदा कुणी जमवला? आता यापुढं सगळ्या डब्यांच्या खिडक्या मीच कापणार!”

टेबलावरचा चहा पुसता पुसता बायको म्हणाली, “कापा की. फक्त या खेपेला टेबलावर नको, मांडीवर ठेवून कापा.”