लायब्ररी सापडत नाही

बायकोच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, दुसरा आधीच अधू. डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचन बंद केलं, आणि तिची कादंबरी ऐन रंगात आलेली. तेव्हा नवऱ्याने, कॉलेजच्या लायब्ररीतल्या कारकुनाने, ठरवलं, पुस्तक मोठ्याने वाचून दाखवणारा प्रोग्रॅम कॉम्प्युटरवर बसवायचा. एवढंच. (मोठी संकटं याच शब्दाने सुरू होतात.)

कॉम्प्युटर ऑफिसातून घरी आणलेला, जुनाट. तयार प्रोग्रॅम त्यावर चालेना, म्हणून मूळ कोड इंटरनेटवरून उतरवून त्यातून प्रोग्रॅम घरीच बांधणं आलं. त्यासाठी दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग लागतात, त्यांनाही लायब्रऱ्याच म्हणतात. कॉम्प्युटरमधल्या नेहमीच्या जागी त्या ठेवायची ऑफिसची परवानगी नव्हती. याने त्या आपल्या स्वतःच्या फोल्डरात नीट रचल्या आणि बटण दाबलं.

"काय झालं हो?" बायकोने पलंगावरून विचारलं.

"लायब्ररी सापडत नाहीये."

"अहो, एकोणतीस वर्षं तिथेच नोकरी करताय ना?"

दोन दिवस त्याने त्या लायब्रऱ्या काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. "डोळ्यांसमोर आहे, तरी दिसत नाही म्हणतोय मठ्ठ!" असं तो पडद्यावर खेकसला.

तिसऱ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरात काहीतरी खळकन फुटलं. तो धावला. बायको फळी चाचपत उभी, पायाशी कपाचे तुकडे.

"हलू नकोस! काय हवंय?"

"डोळ्यात घालायचं औषध. इथेच असायचं."

"मी फ्रीजमध्ये ठेवलंय, अंड्यांच्या कप्प्यात. व्यवस्थित."

"मला सांगितलंत?"

तो तुकडे वेचायला खाली बसला.

"मी नेहमीच्या जागीच शोधणार ना? तुम्ही जागा बदललीत, ती मला कशी कळणार?" ती चिडली नव्हती. थकली होती.

तुकडे वेचून तो उठला. तिचा हात धरून त्याने तिला फ्रीजपाशी नेलं, तिची बोटं बाटलीवर टेकवली. तीन दिवस आपण हिच्यासाठीच राबतोय आणि हिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, हे कळून तो ओशाळला.

मग तो कॉम्प्युटरपाशी बसला आणि लायब्रऱ्या ठेवलेल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता त्याने कॉम्प्युटरला लिहून दिला. प्रोग्रॅम मुकाट्याने बांधला गेला. चालवायला गेल्यावर मात्र पुन्हा तेच, लायब्ररी सापडत नाही!

"बांधताना सांगितलं होतं की याला!"

"मग आता परत सांगा," बायको म्हणाली. "तुम्हाला एकदा सांगून कळतं का?"

त्याने चालवतानाही तोच पत्ता पुन्हा दिला. कॉम्प्युटर खाकरला आणि कादंबरी वाचू लागला. नायिकेच्या वडिलांचं निधन त्याने रेल्वेच्या घोषणेसारखं जाहीर केलं. बायकोने दीड पान सोसलं.

"बंद करा ते. तुम्हीच वाचा."

तो सुखावला. खुर्ची ओढून त्याने विचारलं, "माझ्या आवाजात भावना असतात, नाही?"

"छे, आवाज अगदी तसाच," ती उशीला टेकत म्हणाली. "पण तुम्हाला मध्येच थांबवून चहा करायला सांगता येतं."