सुपडूनानांच्या इंजिनाची आंघोळ

या, असे जवळ या. आणि आधी तोंडावरचा हात काढा. हाताआड हसलेलं मला बरोबर दिसतं. सावद्याला येता, केळी घेता, आमच्या आळीतल्या नानांची गंमत कोणाकडून तरी अर्धीमुर्धी ऐकता आणि हसत गाडीत बसता. ही काय रीत झाली? हसायचंच असेल तर बसून, सगळं ऐकून हसा.

तर गोष्ट खरी आहे. नरकचतुर्दशीला पहाटे आमच्या आळीत पहिली आंघोळ होते ती आगगाडीच्या इंजिनाची. खेळण्यातली गाडी, इंजिन असेल वीतभर. सुपडूनाना त्याला पाटावर बसवतात, तिळाचं कोमट तेल चाकाचाकांत जिरवतात, उटणं लावतात आणि वर तांब्याभर कढत पाणी ओततात. मग भिंतीपलीकडून मला हाक येते, "अक्का, ओवायाले ये व! थंडीनं कुडकुडून राह्यलं ते!"

आणि मी जाते. इंजिनाला ओवाळते. शेजारधर्म म्हणजे काय काय असतं, तुम्हाला काय सांगू!

नानांची आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्या जन्मल्या आईनं सुपात घातलं आणि नाव पडलं सुपडू. केळीचा मळा आहे, विहीर आहे. विहिरीवरची मोटर जळाली तर स्वतः उघडून, तार भरून, पुन्हा बसवणारा माणूस. बायको लवकर गेली. एकच लेक, सिंधू. तिला नानांनीच वाढवलं, वेण्यासुद्धा स्वतः घालायचे. त्या वेण्या इतक्या घट्ट की पोरीच्या भुवया वर चढलेल्या असायच्या.

नानांचं एक पालुपद आहे. काहीही सांगा, ते आधी डोळ्यांची साक्ष मागणार, "डोयानं पाह्यलं का?" केळीचा भाव उतरला म्हणा, अमक्याचं लग्न ठरलं म्हणा, "डोयानं पाह्यलं का?" एकदा गडी धावत आला, "नाना, मळ्यात डुकरं शिरली!" नानांनी विचारलं, "डोयानं पाह्यलं का?" तो म्हणाला, "आवाज ऐकला." नाना म्हणाले, "मंग पाहून ये." तो पाहून येईपर्यंत डुकरांचं जेवण उरकलं होतं.

नानांना जावई मिळाला जर्मनीतला. म्हणजे आपलाच, पण तिथल्या कारखान्यात नोकरीला. तिकडं नाताळला मोठी सुट्टी असते, तेव्हा आपली तिकडची माणसं घरी येतात. पहिल्या वर्षी धुळ्याचा एक तरुण इंजिनियर भलं मोठं खोकं घेऊन नानांच्या दारात उभा राहिला. सिंधूनं नाताळची भेट पाठवली होती. विजेवर चालणारी आगगाडी!

नानांनी खोक्याभोवती एक चक्कर मारली. "नाताळ म्हंजे कोनत्या देवाचा सन?" धुळेकरानं सांगितलं. नानांना पटलं. देव कोणताही असो, नैवेद्य पाहिजे. खोक्यापुढं गूळखोबरं ठेवलं, मगच दोरी सोडली.

तो बिचारा मांडी घालून रूळ जोडतोय आणि नानांची चौकशी सुरू. "खोकं देताना ती उभी होती का बसेल होती?"

"उभी असावी, नाना."

"असावी काय? डोयानं पाह्यलं ना? हात कसे होते? थंडीनं फुटेल होते?"

"हाताकडं नाही पाहिलं मी."

"मंग पाह्यलं काय? खोकं?"

गाडी सुरू झाली तेव्हा सगळी आळी ओसरीवर जमली. गाडी गोल फिरून पुन्हा तिथंच आली. नाना कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "निंघाली तिठीच येते, मंग निंघते काहून?" पण नवी गाडी, मुहूर्त तर करायलाच हवा. म्हणून त्यांनी रुळांवर नारळ फोडला. पाणी उडालं, ठिणगी पडली, आळीतले दिवे गेले. फ्यूज नानांनीच बदलला. इंजिन मात्र गेलं ते गेलंच. सिंधूला निरोप गेला की गाडी बंद पडली.

पुढच्या नाताळात दुसरी गाडी आली. यंदा आणणाऱ्या होत्या पारोळ्याच्या एक वहिनी, जावयांच्या कारखान्यातल्याच एकांच्या मिसेस. नारळ मी आधीच लपवून ठेवला होता. वहिनी पदर खोचून रूळ मांडत होत्या, मी चहा गाळत होते, आणि नाना सुरू झाले.

"दार तिनं उघाडलं का जावयानं?"

"तिनंच."

"लगेच?"

"जरा वेळानं. भिंतीला धरून आली ना, म्हणून."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "दिवस गेले होते हो तिला. राहिलं नाही. तुम्हाला कळवलं नाही का?"

कसलं कळवतेय! तिच्या पत्रात 'आम्ही मजेत आहोत' एवढंच होतं. ही पोर लहानपणापासूनच तशी. विंचू चावला तरी बापाला त्रास नको म्हणून पाय मुडपून अभ्यास करत बसलेली मी पाहिली आहे.

गाडी तेवढ्यात सुरू झाली होती. नाना तिच्यावरून पाय टाकून थेट चुलीशी माझ्याजवळ आले. "अक्का, डिंकाचे लाडू कर. तूप घाल, कमी नको घालू." वहिनी सुट्टी संपवून परत गेल्या तेव्हा लाडवांचा डबा त्यांच्या सामानात होता. आमच्या साऱ्या आळीत तुपाचा वास सुटला होता. नाना डबा बांधताना म्हणाले, "तुमच्यासमोर खाऊ घाला एक. डोयासमोर."

त्यानंतरच्या दिवाळीपासून इंजिनाची आंघोळ सुरू झाली. तेल प्यालेलं इंजिन भाऊबीज आली तरी हूं की चूं करत नाही. निरोप जातो, नाताळात कोणीतरी नवीन इंजिन घेऊन येतं, लावून देतं, चालवून दाखवतं. नानांच्या कोनाड्यात मेलेल्या इंजिनांची रांग लागली. मी कितीदा बोलले, "नाना, अहो त्याला तेल सोसत नाही." तर म्हणायचे, "दिवाईले आंगाले तेल नको? काय बोलते व अक्का!" मला वाटायचं, म्हातारा भाबडा आहे.

आता या दिवाळीचं ऐका. चौकात फोनचं दुकान निघालंय. पाडव्याला तिथं सिंधूचा फोन आला. मीही नानांबरोबर गेले होते. नाना विहिरीत ओरडावं तसं त्या फोनमध्ये ओरडत होते आणि पलीकडचं सिंधूचं बोलणं मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. "नाना, किती गाड्या झाल्या! लोकांना ओझं वाहायला सांगायची आता लाज वाटते. यंदापासून गाडी नाही. आता फोन झालाय ना, आपण बोलत जाऊ."

नाना म्हणाले, "बरं."

येताना वाटेत व्यापारी भेटला. म्हणाला, "नाना, केळीचा भाव चढला!" नाना नुसते पुढं गेले. काही विचारलंच नाही.

संध्याकाळी फराळाचं ताट घेऊन गेले. पाहते तर नाना वर्तमानपत्र पसरून बसलेले. इंजिन सुटं केलेलं, एकेक चाक रॉकेलमध्ये बुडवून कापसानं पुसत होते. माझ्यासमोर त्यांनी ते जोडलं, रुळावर ठेवलं, बटण दाबलं. गाडी लागली की पळायला!

"नाना! तुम्हाला येत होतं हे?"

"न यायले काय झालं? मोटर कोन भरते विहिरीची?"

"मग दरवर्षी हे तेल, हे पाणी..."

"चालती गाडी पाहाले कोन येईन, अक्का?" गाडीकडं बघतच ते म्हणाले. "साडी धाडली तं टपालानं येते. पैसे धाडले तं टपालानं येतात. हे लावून देयाले मानूस लागते. तिले पाहून आलेला मानूस."

मी म्हटलं, "अहो, पण आता बोलणं होईल की फोनवर."

"फोनवर सारेच बरे असतात," नाना म्हणाले. गाडी एक फेरा मारून आली. "मी बरी आहे, मी बरी आहे, मी बरी आहे, असं तीनदा म्हने ती. एकदा म्हनली असती तं मानलं असतं."

तुम्हाला खरं सांगते, तेव्हापासून माझंही मन थाऱ्यावर नाही. तीनदा मीही ऐकलं होतं.

म्हणून तुम्हाला बसवून घेतलं. तुमचा कोणी भाचा, पुतण्या, मैत्रिणीची लेक तिकडं जर्मनीत असेलच. त्यांना म्हणावं, सिंधूच्या दारी एकदा जा. चहा टाकू द्या तिला. ती उठते कशी, चालते कशी, हसली तर डोळ्यांनी हसते का, ते बघा. आणि मग इकडं सावद्याला या. गाडीबिडी काही आणू नका. बसस्टँडवर कोणालाही नानांचं घर विचारा. उतरायचं माझ्याकडं, जेवायचं माझ्याकडं. नाना विचारून विचारून जीव नकोसा करतील, तेवढं सोसा. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणा, पण रचून सांगू नका, त्यांना कळतं.

भरताची वांगी सध्या चांगली येताहेत, थंडी सरली की ती चव राहत नाही. तेव्हा लवकर या.