परक्या शालीची बखर

आई कुलस्वामिनीस दंडवत, व्याह्यांचे दरबारास नमस्कार, आणि ज्यांस बोलावणे नव्हते त्यांस काहीच नाही. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभकृत् नाम संवत्सर, मार्गशीर्षमासी रविवारी आमचे राज्यात जो प्रसंग गुदरला त्याची हकिकत येणेप्रमाणे. लिहिणारणीचे शिक्षण इयत्ता चौथीपावेतो. अक्षर पाहू नये, मजकूर पाहावा. प्रथम तक्रार. नीलकंठराव निगुडकर नामे थोर ग्रंथकार, चाळीस ग्रंथांचे धनी, मुलुखात डंका, त्यांणी परक्याचे मांडवात शिरावे, तेथील शाल पांघरावी, आणि वर "मला ओळखलं नाहीत?" म्हणून आम्हांवरच डोळे वटारावे, ही कोठील रीत?

वर्तमान ऐसे जे, आमची नात अवंती इचे लग्न कार्यालयाचे तळमजल्यावर, मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटे, आणि तेच दिवशी माडीवर साहित्याची सभा, तेथे या ग्रंथकारांचा सत्कार. आम्हांस माडीवरचे काय ठाऊक? आमचे सर्व ध्यान नवरदेवाचे मामा रंगराव यांजकडे. हे मामा रुसण्यात नामांकित. साखरपुड्यास रुसून आलेच नाहीत, म्हणून त्यांचे मुखदर्शन आम्हांस घडले नव्हते. आणि मामा पाठीशी उभे राहिल्याविना नवरदेव पाटावर चढणार नाही, ऐसा त्या घरचा कायदा. म्हणून आम्ही सकाळपासोन उंची शाल आणि नारळ घेऊन दरवाजी खड्या होतो. तों साडेअकरास रेशमी झब्बा ल्यालेले एक उंच गृहस्थ आले, आणि कपाळी आठ्या घालून वदते जाहले, "कोणी घ्यायलाही नाही वाटतं?" आम्ही मनी म्हटले, आले, आणि रुसूनच आले. मग हात जोडोन बोललो, "चुकलं आमचं. राग सोडावा. सगळे आपल्यासाठीच खोळंबलेत." ते म्हणाले, "चालायचंच. सवय आहे मला." मग आम्ही हाती धरोन त्यांस मंडपी नेले, आणि कुंकू लाविले, आणि शाल पांघरविली, आणि नारळ दिला, आणि सनई थांबली, आणि फोटोवाल्याने उजेड पाडिला. इतके जाहल्यावर त्यांणी खाकरोन भटजींचे हातचा माईक घेतला आणि "रसिकहो!" म्हणोन बालपणापासोन आरंभ केला.

आम्हांस वाटले, व्याह्यांकडील नवी चाल असेल. व्याह्यांस वाटले, आमची. म्हणोन कोणी बोलेना. एका म्हातारीने मंगलाष्टक समजोन अक्षताही टाकिल्या. ग्रंथकार इयत्ता सातवीपर्यंत आले तों दरवाजी बुटके, गोल, फेटेवाले एक गृहस्थ उभे, आणि गर्जना केली, "माझी शाल कुणाच्या अंगावर?" ते मामा. खरे मामा. फेटा काढोन चपलांचे ढिगापाशी खुर्ची मांडून भिंतीकडे तोंड करून बसले.

आम्ही लगबगीने माईकापाशी गेलो. मग ग्रंथकारांस विचारिले, "तुम्ही मुलाचे मामा ना?"

"मामा? बाई, मला ओळखलं नाहीत? मी निगुडकर!"

"कुठले?"

या एका शब्दाने ग्रंथकार जायबंदी जाहले. शाल काढोन टाकिली, आणि तेही चपलांपाशी जाऊन दुसऱ्या भिंतीकडे तोंड करून बसले. दोन रुसवे पाठीस पाठ लावून, आणि घड्याळात बारा. शाल उचलोन मामांकडे गेलो तों ते म्हणाले, "दुसऱ्याच्या अंगावरची? त्यापेक्षा मी एसटीनं जातो." ते समयी गौरीहरापाशी बसलेली अवंती हळूच बोलली, "आजी, होईल ना गं?" आम्ही जन्मात कोणापुढे मान लवविली नाही, पण त्या पोरीचे डोळे पाहून तीही लवविण्यास सिद्ध जाहलो.

इतक्यात माडीवरील सभेचे चिटणीस नवी कोरी शाल घेऊन धावत आले. "सर, आपण इथं? वर सगळे ताटकळलेत!" आम्ही ती शाल त्यांचे हातची घेतली आणि ग्रंथकारांपुढे धरिली. "हिची घडी मोडलेली नाही. ही तुमच्या हातानं मामांना घाला. आमची तुम्हांला राहू द्या."

"माझ्या सत्काराची शाल?"

"सत्कार झाला तुमचा, चारशे माणसांदेखत. वर किती माणसं आहेत हो?"

चिटणीस खाली पाहून म्हणाले, "अठरा."

ग्रंथकार आपणहून उठले. मामांनी मान वळवून पाहिले आणि ताडकन खुर्ची सोडली. "अहो, पुस्तकवाले निगुडकर! आमच्या हिच्या उशाशी तुमचीच पुस्तकं!" मग शाल पांघरोन घेतली, आणि फोटो दोनदा काढविला, आणि फेटा बांधून नवरदेवाचे पाठीशी ऐसे उभे राहिले की जणू त्यांचेच लग्न, आणि बारा सतरास अक्षता पडल्या.

सारांश, शाली दोन, रुसवे दोन, दोहोंचा तह होऊन नात सुखरूप सासरी गेली. ग्रंथकार जिना चढू लागले तों दुसऱ्या पायरीवर थांबोन पुसते जाहले, "आजीबाई, आता तरी ओळख राहील ना?"

आम्ही म्हटले, "राहील तर! पुढच्या साली धाकट्या नातीचं लग्न आहे. पत्रिका धाडीन, मामा म्हणूनच. रुसायला तुम्हांला उत्तम येतं, आणि समजूतही लवकर पटते. भाषण तेवढं वर ठेवून या."