दहाव्याचं इंग्रजी

नदीकाठी चंदर गुरुजींचा पिंड मांडून तास उलटला, तरी उंबरावरचा कावळा काही खाली उतरेना. जीव कशात तरी अडकलाय, अशी कुजबुज सुरू झाली. भटजींना पुढे म्हसा गावी दुसरा दहावा गाठायचा होता.

"बाबा, म्हशी विकणार नाय," मुलगा दीपेश हात जोडून म्हणाला. कावळा ढिम्म. "आयला एकटी टाकणार नाय." कावळ्याने मान खाजवली, बस्स.

मागे उभ्या रविंद्रला मात्र दरदरून घाम फुटला. गुरुजींचा हा लाडका विद्यार्थी, त्यांच्याच इंग्रजीवर शहापुरात नोकरीला लागलेला. गुरुजी गेले आणि त्याला पोरकं झाल्यासारखं वाटत होतं. त्याच मायेने त्याने श्रद्धांजलीचा फ्लेक्स छापून काठावर लावला होता. त्यावर गुरुजींचा फोटो आणि खाली इंग्रजीत, 'द टीचर वी लुक्ड अप टू', म्हणजे आम्ही ज्यांना मानलं ते गुरुजी. आणि गुरुजींनी तर जन्मभर छडी आपटून सांगितलेलं, "वाक्याच्या शेवटी टू, फॉर, विथ लोंबकळत ठेवायचं नाय! शेपूट बैलाला शोभतं, वाक्याला नाय!"

"चुकलो गुरुजी!" म्हणत तो धावला आणि मार्करने 'टू' खोडून आला.

"अरे, आता शेवटी 'अप' आलं की," दीपेश हळूच म्हणाला.

रविंद्रने तेही खोडलं. आता आम्ही गुरुजींकडे नुसतं बघितलं, एवढाच अर्थ उरला. कावळा आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"दर्भाचाच कावळा करू," भटजी म्हणाले. रविंद्रला रडू आवरेना. शेवटच्या दिवशीही आपण गुरुजींना दुखावलं, हे त्याच्या काळजाला लागलं.

तेवढ्यात बायकांमधून दीपेशची आई सकुबाई उठली. पिंडाजवळ बसून तिने दहीभात सारखा केला.

"मी ताट वाढून उभीच राहायची," ती म्हणाली. "मी बसल्याबिगर ते घास घेत नसत. कसली वाट बघतेस, असं विचारायचे इंग्रजीत." मग उंबराकडे बघून ती हलकेच म्हणाली, "अवो, व्हॉट आर यू वेटिंग फॉर?"

कावळा थेट खाली आला आणि त्याने भातात चोच घातली. बायकांना हुंदका फुटला.

"काकी," रविंद्र डोळे पुसत पुटपुटला, "शेवटी 'फॉर' आला."

"मला काय कळतंय रे बाबा? त्यांनीच शिकवलंय," सकुबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाली. "शाळेत कुणाला सांगू नको म्हणालेले."